वाटी ठेवून जायचं न्हाय

आक्कांनी मला खोली दाखवायच्या आधी चूल दाखवली. मी धाराशिवात नुकतीच बदली होऊन आलेली, हातात बॅग, एसटीत उभं राहून पायाचे तुकडे पडलेले. पाणी कुठंय, मोरी कुठंय हे विचारायचं तर ह्या बाई मला थेट परसात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ही माझी चूल. वर खोलीत गॅस हाय, तो तुझा. त्याच्यावर काय बी कर, केक कर. हिला मातुर हात लावायचा न्हाय."

"बरं," मी म्हटलं.

"आन ते टमाटे. त्यालाबी न्हाय."

चुलीच्या पलीकडं भिंतीला धरून एक वाफा होता. काठ्यांना चिंध्यांनी बांधलेली झाडं आणि त्यांना लागलेले टमाटे. बाजारात मिळतात तसले गुळगुळीत नव्हेत. बसके, अंगावर रेघा पडलेले, देठापाशी हिरवट राहिलेले. मी लोहाऱ्याकडची, शेतकऱ्याघरची पोर, मला बघताक्षणी ओळख पटली. हे गावरान टमाटे मी लहानपणी आमच्या बांधाला बघितले होते. मग संकरित आले आणि ते कधी दिसेनासे झाले ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला इतका आनंद झाला, की मी वाकून एकाला बोट लावलं.

"सांगितलं ना!" आक्का ओरडल्या. खोली मला मिळते की नाही असं झालं.

आक्का हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव मी एकदा लाईटबिलावर वाचलं आणि ते त्यांना इतकं बसेना, की विसरूनही गेले. गल्ली त्यांना आक्का म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. नवरा एसटीत ड्रायव्हर. तो तरणाताठा गेला आणि त्याच्या जागी ह्यांना डेपोत नोकरी लागली. मूलबाळ नाही. सगळी नोकरी चौकशीच्या खिडकीत, लाऊडस्पीकरवर गाड्या पुकारण्यात गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी लाऊडस्पीकर गळ्यातून उतरला नव्हता. मी सकाळी ऑफिसला निघाले की पायरीवरून आवाज यायचा, "वरच्या खोलीची गाडी आज उशिरानं सुटत हाय!" सगळी गल्ली ऐकायची. नळाला पाणी आलं तरी तसंच, दूधवाला आला तरी तसंच. पहिल्या आठवड्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं सवय झाली, इतकी की पुढं एकदा त्या गप्प झाल्या तर मलाच करमेना.

पण खरी आक्का बघायची तर संध्याकाळी, चुलीपाशी. थंडीचे दिवस सुरू झाले आणि टमाटे लाल व्हायला लागले, की रोज दिवेलागणीच्या आधी चूल पेटायची. जळण एकच, तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या. गच्चीवर त्यांची ही मोठी मोळी बांधून ठेवलेली असायची. कुठून कुठून मागून आणायच्या. लाकडाचा जाळ आडदांड असतो आणि गॅसवर भाजलेला टमाटा भाजत नाही, नुसता घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. तुराट्या भराभर जळून गेल्या की खाली मऊ आर, म्हणजे निखारा, पडायचा. त्यावर टमाटे मांडायचे, कडेला हिरव्या मिरच्या आणि सालासकट लसूण. मग बसायचं. टमाट्याची साल काळी पडून तडकायला लागली, की आक्का हात वर करायच्या आणि बोलणारी माणसं गप व्हायची. साल फुटताना बारीक आवाज येतो, तो त्यांना ऐकायचा असायचा. तो आला की टमाटा नुसत्या बोटांनी उलटायचा. चिमटा नाही, सांडशी नाही. सगळे भाजून झाले की दगडी खलात मीठ, कोथिंबीर घालून आबडधोबड कुटायचे. काळी साल काढायची नाही. एकदा माझी पुण्याची भाची आली होती, तिनं बटाट्याच्या चिप्स काढून ती चटणी खाल्ली आणि म्हणाली, "मावशी, ही तर सालसा आहे! आमच्याकडं बाटलीत मिळते." आक्का म्हणाल्या, "बाटलीतलं तू बाटलीवाल्याला दे. नाव काय बी ठेव बाई, पण भाकरीसंगं खा, तिचा अपमान करू नको."

गल्लीतले लोक वाट्या घेऊन यायचे. सगळ्यांना मिळायची, मापात हात आखडता नसे. पण नियम होता. बसमधे जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात, तशी कुणी वाटी ठेवून घरी निघालं की आक्का कडाडायच्या, "वाटी ठेवून जायचं न्हाय! गाडी लागंस्तवर प्रवाशांनी थांबायचं!" मग प्रवासी थांबायचे. कोण उंबऱ्यावर, कोण उलट्या बादलीवर, कोण उभ्यानंच. तास-दीड तास तिथं गावच्या गप्पा. कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, तुळजापूरला गर्दी किती आहे. मीही रोज जायचे. एसटीची शिस्त अंगात मुरली म्हणून बाई असं करतात, असं आम्ही सगळे हसून म्हणायचो.

ह्या सगळ्यात रोजची, न चुकणारी म्हणजे गिरणीवाली. कोपऱ्यावर तिची आणि तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी. भुवयांवर कायम पीठ. नवरा दुपारनंतर तुळजापूर रोडच्या त्यांच्या शेताच्या तुकड्यावर जायचा आणि गिरणी ही एकटी चालवायची. चूल पेटली की मशीन बंद करून, स्टीलची वाटी घेऊन हजर. चुलीच्या सगळ्यात जवळची जागा तिची. आक्कांचं तिच्याशी एक वाक्य सरळ म्हणून नसायचं. "आली बघा वाटीवाली. पीठ झटकून बस, माझी चटणी पांढरी व्हायची." ती हसायची आणि बसायची. दिवसभर गिरणीच्या घरघरीत राहून तिला मोठ्यानं बोलायची सवय, आणि आक्का तर लाऊडस्पीकर. दोघींचं साधं बोलणं लांबून भांडण वाटायचं.

आक्कांच्या बोटांचं सांगायचं राहिलंच. वर्षानुवर्षं आरावरचे टमाटे उलटून त्यांच्या बोटांची टोकं अशी झाली होती, की त्यांच्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा तर मशीनवर अंगठा उठेना. मशीनवरचा पोरगा बिचारा पुसून बघतोय, पावडर लावून बघतोय. आक्का म्हणाल्या, "बाबा, तुझ्या मशीनला नुसतं वास घे म्हणावं, वळखंल मला." रांगेतली माणसं हसली. मग डोळ्याचं मशीन आणलं तर तेही मान्य करीना. तिथंच कुणीतरी बघून सांगितलं, की आजी, डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. घरी येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "हातानं म्या न्हाय, डोळ्यानं म्या न्हाय. मंग हाय तरी कोण गं मी?" आणि स्वतःच खो खो हसल्या. शेवटी कसाबसा दाखला झाला आणि उन्हाळ्यात ऑपरेशन करायचं ठरलं.

आता मूळ गोष्ट. आक्का चटणी वाटी भरून द्यायच्या, पण कच्चा, म्हणजे न भाजलेला टमाटा त्यांनी कधी म्हणजे कधी कुणाला दिला नाही. मी कोशिंबिरीला एक मागितला तर म्हणाल्या, "कच्च्यानं पोटात गार पडतं." समोरच्या सरांना पित्ताचं कारण सांगितलं. एकानं बाळंतिणीसाठी मागितला, तर बाळंतिणीनं टमाटा खायचाच नसतो असं छातीठोक सांगितलं आणि चार दिवस तिला चटणी पाठवली. शेतकी कॉलेजचा एक पोरगा मोठ्या हौसेनं बी मागायला आला होता. त्याला बसवलं, भाकरी दिली, चटणी दिली, ताक दिलं. पोरगा ढेकर देत निघाला. फाटकापर्यंत गेल्यावर त्याला आठवलं, की आपण बी मागायला आलो होतो. तोवर आक्कांनी दार लावून घेतलं होतं.

बी कुठं असायचं हे मला माहीत होतं. मोसम संपत आला की आक्का चांगले पिकलेले टमाटे झाडालाच ठेवायच्या, मग त्यांचं बी राखेत आणि शेणात कालवून मागच्या भिंतीवर पुरीएवढ्या थापट्या मारून ठेवायच्या. राखेनं कीड लागत नाही. आमच्या लोहाऱ्यालाही दोडक्याचं, भोपळ्याचं बी असंच ठेवायचे. मृगात थापटी काढायची, चुरायची, वाफ्यात टाकायची. त्या थापट्या मोजणारा तर सोडाच, त्यांच्याकडं निरखून बघणाराही आक्कांना चालत नसे.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खल विसळत बसले होते आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "आक्का, भाजलेलं बी उगवत नाही."

त्या आर विझवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शेतकऱ्याची हाय ना तू. मला वाटलंच हुतं, तुला कळंल."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"मंग? कच्चा दिला की पुढच्या साली सगळ्यांच्या दारात झाड. आपापल्या घरी भाजत्याल, खात्याल. माझ्या दारात कोण येईल गं?" आरावर पाणी शिंपडून मग म्हणाल्या, "हे बी आमच्या ह्यांनी आणलेलं. मुक्कामाची गाडी घेऊन जायचे कर्नाटकच्या शिवंवरच्या एका गावी. गावातली माणसं ड्रायव्हर-कंडक्टरला गाडीपाशीच असे टमाटे भाजून घालायची. त्येंनी रुमालात एक बांधून आणला आन मला चूल मांडून दावलं, असं भाज म्हणून. ते गेले. मानसं चार दिवस आली, मंग कोण येतंय? मी वर्षभर ह्या परसात एकटी बसले. मंग टमाटे लागले, म्या चूल पेटवली, तर वास गेला गल्लीत आन एक एक जण वाटी घेऊन आलं. तवापासून हे असं हाय. माणसं टमाट्यापायी येत्यात. माझ्यापायी न्हाय."

मला एवढं वाईट वाटलं. मी म्हटलं, "असं काही नाही आक्का."

"तू नवी हायस," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात बघ, टमाटे संपले की कोण येतंय."

उन्हाळ्यात मी बघितलं. परस खरंच मोकळं पडलं. येताजाता लोक दारातून हाक मारायचे, आक्का बऱ्या का, आणि पुढं जायचे. गिरणीवाली तेवढी यायची, पिठाचा डबा द्यायच्या निमित्तानं. मी ते आक्कांना दाखवून दिलं तर म्हणाल्या, "ती काय, येतीच."

मे महिन्यात ऑपरेशनला त्या सोलापूरला पुतण्याकडं गेल्या आणि मी रजा काढून एका लग्नासाठी लोहाऱ्याला. पुतण्या स्वभावानं लाख माणूस. काकूचा डोळा उघडेल तेव्हा घर कसं नवंकोरं दिसलं पाहिजे, म्हणून त्यानं त्यांना न सांगता माणसं लावून घर आतून-बाहेरून रंगवून घेतलं. मी परत आले ती दुपारी. फाटक उघडलं आणि रंगाचा वास आला. पळतच मागं गेले. मागची भिंत आकाशी रंगाची, आरशासारखी साफ. रंगवाला डबे धूत होता. मी विचारलं, "भिंतीवर काय होतं ते?"

"लई घाण हुती मॅडम मागं. शेण का काय थापलेलं. खरवडायलाच अर्धा दिस गेला."

"कुठंय ते?"

"घंटागाडीत दिलं परवाच."

 वाफ्यात तर एक काडी नव्हती, उन्हाळ्यात झाडं उपटून टाकलेली.

संध्याकाळी रिक्षा आली. आक्का काळा चष्मा घालून उतरल्या, पुतण्यानं हात धरलेला. पुढचं घर दाखवलं, त्या वा वा म्हणाल्या. मग मागं आणलं. "बघा आक्का, ही बाजू तर ओळखू येती का? किती कळकट होती!"

आक्कांनी चष्मा वर केला. भिंतीकडं बघत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकले नाही. पण ती माउली त्या पोराला एका अक्षरानं बोलली नाही. "लई झ्याक केलंस बाबा," म्हणाल्या. "चहा घे, मंग जा. गाडी चुकंल तुजी." त्याला चहा केला, बरोबर लाडू बांधून दिले, पायरीवर उभं राहून निरोप दिला.

तो गेल्यावर मात्र परसात आल्या आणि भिंतीवर तळवा फिरवत उभ्या राहिल्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. मग मला विचारलं, "पोरी, तुझ्याकडं एखादा... चुकून..."

"नाही हो आक्का."

"न्हायच असणार. म्याच कुणाला दिला न्हाय." आणि मटकन चुलीपाशी बसल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. ऑपरेशनचा डोळा, रडू नका, मी म्हणत होते आणि मीच रडत होते.

त्यानंतर घर गपगार झालं. सकाळी माझी गाडी कुणी पुकारेना. तुराट्यांची मोळी त्यांनी एका भंगारवाल्याला जळणाला देऊन टाकली. परसाच्या दाराला आतून कडी. मी बाजारातले टमाटे आणून बघितले, आक्का, हेच भाजू या म्हणून. त्यांनी एक हातात घेतला, दाबला आणि परत दिला. मृग लागला, पेरणीचे दिवस आले, लोक विचारायला लागले, की आक्का, औंदा वाफा केला नाही का. त्या म्हणायच्या, "गाडी रद्द." गंमत म्हणून लोक हसायचे. कुणाला काही माहीत नव्हतं. गिरणीवाली रोज परसाचं दार वाजवायची आणि आक्का उघडायच्या नाहीत. "काय सांगू तिला? औंदा वाटीत काय घालू?" म्हणायच्या.

एका दुपारी गिरणीवालीनं मला रस्त्यात गाठलं. "मॅडम, आक्का दार का उघडंनात? माझं काय चुकलं का?" तिचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी तिला थापट्यांचं सांगितलं. ती ऐकत राहिली, तिच्या तोंडाचा रंगच बदलला. ती वळली आणि गिरणीकडं जवळजवळ पळत गेली. संध्याकाळी परत दार वाजलं. ह्या वेळी कडी मी काढली.

ती आत आली. पदराखाली काहीतरी होतं. आक्का चुलीपाशी बसलेल्या. तिनं त्यांच्यासमोर पदर उघडला. शेणाराखेची एक थापटी होती, वरून पिठानं पांढरी झालेली.

"गिरणीच्या भिंतीवर हुती," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता. "तुमचंच बी हाय आक्का. चार वर्सांमागं तुमी कोथमीर आणाय आत गेला, तवा म्या टोपलीतला एक टमाटा कंबरंला खोवला. आमच्या तुकड्यावर लावते दर साली, ज्वारीच्या कडंला. शिव्या घाला, पायातलं काढून हाणा, पण हे ठिवून घ्या."

"चोरटे!" आक्का उठल्याच. जुना लाऊडस्पीकर सुरू झाला. "सटवे! माझ्या चुलीम्होरं बसून माझ्याच घरात दरोडा! म्हणून जवळची जागा धरायची व्हय!" समोरच्या सरांनी खिडकी उघडली. गिरणीवाली मान खाली घालून उभी. आणि बोलता बोलता आक्का मधेच थांबल्या. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं.

"चार वर्सं तुझ्याकडं टमाटे हायत?"

"व्हय."

"हेच? चांगले लागत्यात?"

"पाटीभर निघत्यात."

"आन तरी रोज वाटी घिऊन माझ्या दारात येती? भाजाय काय धाड भरली तुला?"

"भाजते की. सकाळी ह्यांच्या डब्याला भाजते."

"मंग माझ्याकडं कशाला?"

गिरणीवालीनं मान वर केली. तिला तो प्रश्नच कळला नसावा, असं मला वाटलं. "आता हे काय इचारणं झालं आक्का? दिसभर त्या मशिनीची घरघर कानात. मानसाशी दोन शबूद बोलायचे तर ह्या चुलीपाशीच. तुमी न्हाय भेटला तर मला जेवान जात न्हाय. वाटी नुस्ती हातात असावी म्हणून आणते."

आक्कांनी तिच्या पदरातली थापटी उचलून घेतली. खाली बसल्या. मग त्यांनी बाजूची जागा हातानं झाडली, तीच, चुलीला लागून असलेली. "बस," म्हणाल्या. "पीठ झटकून बस."

बी उगवलं. थंडीत पहिला टमाटा लाल झाला तेव्हा तो एकटाच आरावर ठेवला गेला, भोवती आम्ही तिघी. साल तडकल्याचा आवाज आला. आक्कांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "त्योच हाय." गल्लीला परत चटणी सुरू झाली, वाटी ठेवून जाणाऱ्यावर परत आरडाओरडा सुरू झाला. कच्चा मागणाऱ्याच्या पोटात गार पडणंही सुरूच राहिलं. गिरणीवालीचं नाव मात्र कायमचं बदललं. "चोरटे, मीठ दे इकडं," असं आक्का म्हणायच्या आणि ती खुशाल ओ द्यायची.

त्याच हिवाळ्यात माझी लातूरला बदली झाली. आक्का रिटायर झाल्यापासून कधी स्टँडवर गेल्या नव्हत्या. आपल्या जागी दुसरं कुणी पुकारतंय हे कानांनी ऐकवणार नाही, म्हणायच्या. पण मला सोडायला आल्या. गाडी लागल्यावर मला म्हणाल्या, "रुमाल टाकू का?" मी हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीशी बसले. त्यांनी खालून हात उंच करून पेपरमधे गुंडाळलेला एक पुडा आत दिला. वाटेत खायला चटणी-भाकरी असणार, असं मला वाटलं.

"आक्का, कशाला एवढं? मी येतच राहीन की."

"ते माहीत हाय मला," त्या म्हणाल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तशा गाडीबरोबर चार पावलं चालत आल्या आणि खिडकीच्या गजाला धरून म्हणाल्या, "समदे भाजू नको गं पोरी."

गाडी वळली. त्या काय म्हणाल्या ते मला तेव्हा उमगलं नाही. येडशी गेल्यावर भूक लागली म्हणून मी मांडीवर पुडा उघडला. भाकरी नव्हती. चटणीही नव्हती. आत पाच-सहा पिकलेले टमाटे होते, बसके, रेघारेघांचे, देठाशी हिरवट. सगळे कच्चे.